‘विविध ठिकाणी’: ३८ मीटर पदपथाचं प्रकरण

शहराचं नाव, प्रभागाचा क्रमांक आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत. शाळेच्या वाटेवरचा हा पदपथ महापालिकेकडून करून घेऊ पाहणाऱ्या रहिवाशांच्या गटाला अर्ज भरायला मदत करणारा मी होतो. त्यामुळे झालेल्या चुकांपैकी एक ठळक चूक माझी आहे, ती तशीच मांडली आहे.

पार्श्वभूमी

चौकातून महापालिकेच्या शाळेकडे जाणारा रस्ता. डाव्या हाताला सहा इमारतींची सोसायटी, तिला लागून जुनी वस्ती आणि टोकाला शाळा. पदपथ डावीकडेच आहे. चौकापासून सोसायटीच्या फाटकापर्यंत तो चांगला होता, शाळेच्या भिंतीलगतही बरा होता. मधले ३८ मीटर मात्र तो नावालाच. सुरुवातीला वीज कंपनीची डीपी, म्हणजे वीजवाटपाची पेटी, तिच्या पायाशी खचलेलं ड्रेनेजचं चेंबर, पुढे चार पथारीवाले: दोघी भाजीवाल्या, एक फळवाला आणि एक चपला शिवणारे काका. पोरं डीपीपाशी आली की रस्त्यावर उतरायची आणि शाळेच्या भिंतीशी परत वर चढायची. त्याच पट्ट्यात सोसायटीत न मावणाऱ्या तीन-चार गाड्या उभ्या असायच्या, म्हणजे पोरं उतरायची ती थेट रहदारीत.

नागरिकांनी सुचवलेली कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकात घ्यायची पद्धत पुण्यात २००६ साली सुरू झाली. पुढे इतरत्रही ती कमी-अधिक फरकाने आली. आमच्याकडेही ती आहे. ऑगस्टच्या सुमारास क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतात. एका कामाला ५ लाखांची मर्यादा असते. कनिष्ठ अभियंता जागा पाहून इस्टिमेट करतो, प्रभाग समिती कामं निवडते, मग ती आयुक्तांच्या अंदाजपत्रकात, तिथून स्थायी समितीत आणि शेवटी मुख्य सभेत जातात.

ही साखळी कागदावरची. राज्यातल्या बहुतेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये किंवा त्याच्या आगेमागे संपली होती. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले कोर्टात अडकले आणि कारभार प्रशासकाकडे गेला. प्रभाग समिती नव्हती, स्थायी समिती नव्हती, मुख्य सभाही नव्हती. तिघींच्या वाटच्या सह्या एकाच टेबलावर. नागरिकांनी क्षेत्रसभेत बसून कामं ठरवावीत अशी तरतूद महापालिका कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने आलेली आहे. आमच्या प्रभागात ती सभा कधी भरल्याचं कुणाला आठवत नाही.

प्रश्न कसा पुढे आला

जून २०२३ मध्ये दुसरीतली एक मुलगी डीपीपाशी रस्त्यावर उतरताना दुचाकीच्या हँडलला लागून पडली. हाताला प्लास्टर, बाकी काही नाही. सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने ते गॅलरीतून पाहिलं. सगळे त्यांना बाईच म्हणतात, मीही तेच म्हणतो. दुसऱ्या दिवशी त्या वही घेऊन खाली उतरल्या आणि तीन दिवस सकाळी सव्वासहा ते सात किती मुलं रस्त्यावर उतरतात ते मोजत बसल्या. पहिल्या दिवशी ११४, दुसऱ्या दिवशी १२०, तिसऱ्या दिवशी पाऊस होता म्हणून ८७. या प्रकरणातली मला सर्वात आवडणारी गोष्ट ती वही आहे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तक्रार पोर्टलचा. तो बाईंनी आधीच करून पाहिला होता. आठव्या दिवशी ‘सदर तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे’ असा मेसेज आला आणि तक्रार बंद झाली.

दुसरा पर्याय माजी नगरसेवकांचा. त्यांना आपण भाऊ म्हणू. नगरसेवक असताना त्यांच्या हातात स्वतःच्या यादीचा निधी होता. त्यातून प्रभागात बाकडी आली, कापडी पिशव्या आल्या आणि चौकात त्यांच्या नावाची कमान आली. आता निधी नव्हता, पण कार्यालयात वजन होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींचं म्हणणं होतं, “भाऊंच्या कानावर घाला, एका फोनचं काम आहे.” बाई म्हणाल्या, “फोन केला तर काम भाऊंचं होईल. मग ते सांगतील तिथे होईल.”

तिसरा, महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन. तिथे एकट्या माणसाची एक तक्रार ऐकतात, त्यातून अंदाजपत्रकात तरतूद होत नाही. कोर्टात जायचंही कुणीतरी सुचवलं. ३८ मीटरसाठी वकील लावायचा, ते तिथेच बारगळलं.

उरला अंदाजपत्रकाचा अर्ज. पैसे मंजूर होणार असतील तर तिथूनच, म्हणून आम्ही तो धरला. भाऊंना फक्त सांगून ठेवायचं, मागायचं काही नाही, असंही ठरलं.

पहिला निर्णय: अर्जातली एक ओळ

अर्जात ‘कामाचे स्वरूप’ आणि ‘कामाचे ठिकाण’ असे दोन रकाने असतात. बाईंनी कच्च्या कागदावर लिहिलं होतं: “सोसायटीच्या फाटकापलीकडील डीपीपासून शाळेच्या भिंतीपर्यंत, ३८ मीटर, पदपथ नाही, तो नव्याने करणे.”

ते मी बदललं. माझं म्हणणं असं की डीपी हा शब्द दिसला की वीज कंपनीचा विषय निघेल, पथारीवाले दिसले की अतिक्रमण विभागाचा, आणि अभियंता ‘जागा उपलब्ध नाही’ असा शेरा मारून मोकळा होईल. अर्ज सोपा दिसला पाहिजे. म्हणून मी लिहिलं, “चौकापासून शाळेपर्यंत पदपथ सुधारणे.” बाईंना ते पटलं नव्हतं. शाळेत असल्या उत्तराला अर्धे मार्क देत असे, एवढंच म्हणून त्यांनी सही केली. सोबत ६२ रहिवाशांच्या सह्या जोडल्या. त्यात वस्तीतल्या नऊ होत्या, पथारीवाल्यांची एकही नव्हती. त्यांच्याकडे कुणी गेलंच नाही.

अडचण टाळून अर्ज मंजूर करून घ्यायचा हा डाव सफल झाला. मार्च २०२४ मध्ये अंदाजपत्रकाचं पुस्तक आलं, त्यात आमचा प्रस्ताव होता. सोसायटीत पेढे वाटले गेले. पुस्तकातली ओळ मात्र अशी होती: “प्रभागामध्ये विविध ठिकाणी पदपथ विकसित करणे.”

आमचा अर्ज आणि आणखी दोन सोसायट्यांचे अर्ज एकत्र करून ही ओळ झाली होती. ‘विविध ठिकाणी’ हे महापालिकेच्या भाषेतले फार सोयीचे दोन शब्द आहेत. ते लिहिले की तरतूद कुठेही वापरता येते आणि एखाद्या जागी काम झालं नाही म्हणून कुणाला जाब विचारता येत नाही. यात कुणी लबाडी केली असं मला वाटत नाही. ‘चौकापासून शाळेपर्यंत’ असं मोघम लिहून त्या ओळीला वाट आम्हीच करून दिली होती.

वर्ष कसं गेलं

लोकसभेची आचारसंहिता १६ मार्च २०२४ ला लागली ती ६ जूनपर्यंत. त्यानंतर पावसाळा, म्हणजे रस्ताखोदाई बंद. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता, ती नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उठली. १२ महिन्यांच्या वर्षातले कामाचे महिने चार: डिसेंबर ते मार्च. त्यातच निविदा, कार्यादेश, काम, मोजमाप पुस्तक आणि बिल. ३१ मार्चला न वापरलेली तरतूद लॅप्स.

आम्ही या काळात काय केलं? काहीच नाही. काम मंजूर आहे म्हणून निवांत होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या वर्षाचे अर्ज सुटले, तेही भरले नाहीत. आधीचं काम झालेलं नसताना त्याच जागेसाठी पुन्हा काय मागायचं, असं वाटलं.

फेब्रुवारी २०२५

एका सकाळी बाईंचा फोन आला, “ये लवकर, उखडतायत.” गेलो तर चौकातला पदपथ खोदला जात होता, ज्याला काही झालेलं नव्हतं तोच. जुने लाल-करडे पेव्हर ब्लॉक, एकही फुटलेला नाही, टेम्पोत भरले जात होते आणि शेजारी नव्या पिवळ्या ब्लॉकच्या थप्प्या. बाई एक जुना ब्लॉक हातात घेऊन उभ्या होत्या, पुरावा असल्यासारखा.

कनिष्ठ अभियंता तरुण होता आणि त्याने सरळ सांगितलं: “बाई, तिकडं डीपी आहे, खाली केबल कुठून गेलीय त्याचा नकाशा माझ्याकडं नाही. पथारीवाले उठवायचे तर वेगळी प्रक्रिया. तिथं हात घातला तर मार्चच्या आत बिल निघणार नाही. इथं चार दिवसांत होतंय.” मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी असतो तर मीही जिथे अडथळा नाही तिथेच काम उरकलं असतं.

दुसरा निर्णय: काम थांबवायचं का?

त्या संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात बैठक झाली. तरुण मंडळींचं म्हणणं, रस्त्यावर बसून काम बंद पाडा, व्हिडिओ करा, वर्तमानपत्राला बोलवा. दुसरी बाजू म्हणाली की काम बंद पडलं तर पैसे लॅप्स होतील आणि पुढच्या वर्षी ‘या भागातले नागरिक कामाला विरोध करतात’ असा शेरा नावावर लागेल. शेवटी काम थांबवलं नाही. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज केला आणि इस्टिमेट, कार्यादेश व मोजमाप पुस्तकाच्या प्रती मागितल्या. उत्तर २८ व्या दिवशी आलं. कागदावर चूक नव्हती. इस्टिमेटमध्ये चौरस मीटर होते, दर होते; जागा कुठेच नव्हती.

काम थांबवायला हवं होतं का, याबद्दल माझं मत अजूनही डळमळीत आहे. निदान ते जुने ब्लॉक शाळेच्या बाजूला उतरवून घ्या, एवढी मागणी तरी त्याच दिवशी लेखी करायला हवी होती. टेम्पो कुठे गेला ते आम्हाला कळलं नाही.

दुसरी फेरी: भाजीवाल्या मावशींचं म्हणणं

एप्रिलमध्ये बाईंनी पुन्हा वही काढली. या वेळी मोजणीला बसायला सावली हवी म्हणून त्या भाजीवाल्या मावशींच्या छत्रीखाली बसल्या, आणि प्रकरणाला वळण लागलं ते तिथे.

मावशी म्हणाल्या, “सात वाजताची पोरं कशाला मोजताय? लहानगी आता नऊला येतात.” चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा सरकारी आदेश २०२४-२५ पासून लागू झाला होता. आमचा सगळा हिशोब त्याआधीचा. नऊ म्हणजे ऑफिसची गर्दी आणि पाण्याचे टँकर. मावशींनी आणखी एक सांगितलं: पोरं रस्त्यावर उतरतात ती डीपीमुळे कमी आणि चेंबरमुळे जास्त. आठवड्यातून दोनदा ते तुंबतं, घाण पाण्यातून कुणी जात नाही. “आणि निम्मी पोरं समोरच्या गल्लीतून येतात. ती हितंच रस्ता ओलांडतात, माझ्या समोर. चौकातल्या झेब्र्यावर कोण जातंय?”

जवळजवळ दोन वर्षांत हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण आम्ही गॅलरीतून आणि कागदावरून पाहत होतो. पथारीवाले आम्ही अडथळ्याच्या यादीत टाकले होते. चौघांपैकी तिघांकडे पथविक्रेता सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र होतं. २०१४ च्या कायद्यानुसार त्यांना नुसतं उठवता येतच नाही. तरीही सोसायटीच्या बैठकीत ‘आधी हे हटवा’ असं पाच जण पाच वेळा म्हणाले.

तिसरा निर्णय: डीपी हलवायची की वळसा घालायचा?

डीपी हलवायची तर वीज कंपनीचं वेगळं इस्टिमेट, ते पैसे महापालिकेने भरायचे, मग खोदाईची परवानगी. वर्ष-दीड वर्ष सहज. शेजारच्या वॉर्डातल्या एका आर्किटेक्ट मुलीने दुसरा मार्ग सुचवला: डीपी आहे तिथेच राहू द्या, पदपथच तिला वळसा घालून रस्त्याकडे बाहेर काढा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथाला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी लागते, ती तेवढ्यात बसत होती. पथारीवाल्यांनी भिंतीला टेकून एका रांगेत बसायचं, १.८ मीटर त्यांच्या पुढे मोकळं.

यात जाणार होतं ते गाड्या लावायच्या जागेपैकी. तीन गाड्यांची जागा, आणि तिन्ही गाड्या आमच्याच सोसायटीच्या. त्यातली एक सेक्रेटरींची.

जुलैत संयुक्त पाहणी ठरली. पथ विभागाचा अभियंता, ड्रेनेजचे एक जण, वाहतूक शाखेचे हवालदार, बाई, मावशी आणि मी. रात्री पाऊस झाला होता, तरी बाईंनी फक्की आणली होती. ओल्या रस्त्यावर तिची रेघ नीट उमटेना, तेव्हा मावशींनी पोत्याची सुतळी काढली, एक टोक डीपीच्या कडीला बांधलं, दुसरं चपलावाल्या काकांच्या लाकडी पेटीला, आणि मध्ये दोन विटा ठेवून बाक दिला. नव्या पदपथाची कड रस्त्यावर दिसली. सेक्रेटरींची गाडी सुतळीच्या आत होती. ते गॅलरीतून पाहत होते. दहा मिनिटांनी खाली आले, सुतळीकडे पाहिलं, काही न बोलता गाडी काढून लांब लावून आले. त्यांचा विरोध संपला असं नव्हे. पुढच्या दोन बैठकांत ते पार्किंगवर बोललेच. पण ठरावावर त्यांनी सही केली.

अभियंत्याने एक उपयोगाची गोष्ट सांगितली. पुढच्या अंदाजपत्रकाची वाट बघायची गरज नाही. काम लहान आहे, क्षेत्रीय कार्यालयाच्या वार्षिक देखभाल-दुरुस्तीच्या निविदेत बसेल. फक्त पत्रात जागा अचूक द्या. या वेळी अर्जाचा मजकूर बाईंनी लिहिला, मी फक्त टाइप केला: डीपीपासून शाळेच्या भिंतीच्या सुरुवातीपर्यंत, ३८ मीटर लांब, १.८ मीटर मोकळा, आधी चेंबर उचलून दुरुस्त करणे आणि मगच ब्लॉक बसवणे. सोबत सुतळीचा फोटो, मोजणीचा नवा तक्ता आणि चारही पथारीवाल्यांची संमती. मावशींनी अंगठ्याला नकार देऊन सही केली, आडनावासकट.

काय झालं

दिवाळीनंतर, नोव्हेंबर २०२५ मध्ये काम सुरू झालं आणि नऊ दिवसांत संपलं. चेंबर आधी उचललं गेलं. १५ डिसेंबरला महापालिका निवडणुकीची आचारसंहिता लागली. महिनाभर उशीर झाला असता तर हेही लटकलं असतं.

जे झालं नाही तेही सांगतो. मावशींनी दाखवलेल्या जागी उंचावलेलं क्रॉसिंग हवं होतं, त्याला वाहतूक शाखेचा ना हरकत दाखला लागतो. तो आला नाही. तूर्त पांढरे पट्टे मारलेत, ते आताच पुसट आहेत. बाहेर काढलेल्या वळणावर संध्याकाळी दोन दुचाकी हमखास चढवलेल्या असतात. तिथे खांब लावायला हवेत हे नकाशात कुणालाच सुचलं नव्हतं. फळवाल्याचा धंदा कमी झाला, असं तो म्हणतो. आधी गाडीतून काच खाली करून फळं घेणारं गिऱ्हाईक होतं, ते आता थांबत नाही. हा तोटा आम्ही कुठल्याच कागदावर धरला नव्हता.

१५ जानेवारी २०२६ च्या मतदानाआधी भाऊंचं पत्रक घरोघर आलं. ‘करून दाखवलेली कामे’ या मथळ्याखाली आमच्या पदपथाचा फोटो, कोपऱ्यात मावशींची छत्री. बाईंनी ते पत्रक वहीत चिकटवून ठेवलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या अर्जात जागा लपवली नसती तर कदाचित तो नाकारला गेला असता. पण नाकारल्याचं कारण लेखी मिळालं असतं आणि डीपीचा विषय दीड वर्ष आधी निघाला असता. मोघम अर्ज मंजूर होण्यापेक्षा अचूक अर्ज नाकारला जाणं आमच्या फायद्याचं होतं, हे मला आता वाटतं. ऑगस्ट २०२३ मध्ये हे कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

मार्चमध्ये पुस्तक हातात आल्यावर पेढ्यांऐवजी एक पत्र लागत होतं: ‘विविध ठिकाणी’ यात आमची जागा कोणती आणि किती मीटर, हे विचारणारं. त्याला आचारसंहितेची आडकाठी नव्हती. डिसेंबरमध्ये निविदा निघताना इस्टिमेट एकदा पाहून आलो असतो तरी चौकातले धड ब्लॉक वाचले असते.

आणि पथारीवाल्यांकडे पहिल्याच आठवड्यात जायला हवं होतं. सह्या गोळा करणारे दोघे त्यांच्याच समोरून दहा वेळा गेले होते, एकदा तर मेथी घेऊन.

क्रॉसिंगसाठीचा अर्ज ऑगस्ट २०२५ मध्ये वेगळा भरला आहे. ठिकाणाच्या रकान्यात लिहिलंय: “डीपीपासून शाळेच्या दिशेने २१ मीटरवर, भाजीच्या छत्रीसमोर.” छत्री हा सरकारी खुणेचा दगड नव्हे, ती खोडा, असं खिडकीवरच्या क्लार्कने सुचवलं. बाईंनी खोडली नाही. पोचपावती घेतली आणि शिक्का नीट उमटलेला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारून घेतला.